हिवाळ्यातल्या पाऊलखुणा आणि माझी एक चूक

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या क्लब हाऊसमध्ये झालेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेत होता, ज्येष्ठांसाठी गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, गुंतवणुकीवर बोलणारे मोबाईलमध्ये पुष्कळ आहेत, मला पाऊलखुणांवर बोलू द्या. ते जरा गोंधळले. पण मागच्या महिन्यात आपल्याकडे जे झालं, ते बघता हा विषय आत्ताच बोलायला हवा असं मला वाटतं.

काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी सात वाजता ग्रुपवर एक फोटो आला. बी विंगच्या मागे, टेकडीच्या बाजूच्या भिंतीलगत मातीत एक मोठा ठसा. खाली लिहिलेलं, "बिबट्या!!" दुपारपर्यंत दोनशेच्या वर मेसेज झाले. संध्याकाळी बाग बंद झाली. कामाला येणाऱ्या दोघी मावशींना घरच्यांनी दुसऱ्या दिवशी पाठवलं नाही. पंपाच्या खोलीशेजारी राहणाऱ्या आपल्या वॉचमननं बायको आणि लहान मुलीला रातोरात नातेवाइकांकडे पोचवलं. कोणी म्हणालं पिंजरा लावा, कोणी म्हणालं पकडून ताम्हिणीत सोडा. तो ठसा प्रत्यक्ष जाऊन पाहिला होता, असे आपण किती जण होतो? मोजून चार.

त्या ठशाकडे शेवटी येतो. आधी मला हे वाचायला कोणी शिकवलं ते सांगतो. त्यात माझी एक चूक आहे. पंचवीस वर्षांत ती मी घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

२००१ साली, म्हणजे आपल्या सोसायटीची नोंदणी झाली त्याच वर्षी, माझी बदली जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत मॅनेजर म्हणून झाली. कुटुंब इथे, मी तिकडे. धरणांचं पाणी आल्यापासून तो भाग उसाचा झालेला. उसात बिबट्याला लपायला जागा, प्यायला पाणी आणि वाड्या-वस्त्यांवर शेळ्या, कुत्री, कोंबड्या. बिबट्याच्या माद्या उसातच पिलं घालत होत्या. हिवाळ्यात तोड सुरू झाली की त्यांचं घरच कापलं जायचं. त्या दोन-तीन वर्षांत तिथे माणसांवरही हल्ले वाढले होते. संध्याकाळ झाली की वस्त्यांवर लहान पोरांना आत घेऊन दाराला कडी घालायचे.

डिसेंबर महिना होता. एका वस्तीवर वसुलीच्या भेटीला मी मोटरसायकलवरून गेलो. आमच्या एक कर्जदार बाई होत्या. नवरा वारलेला, दोन मुलं, आणि बँकेच्या कर्जावर घेतलेल्या तीन शेळ्या. मी पोचलो तर गोठ्यापाशी माणसं जमलेली. रात्री एक शेळी गेली होती. उसाच्या कडेला मुंडकं, थोडं कातडं आणि फासळ्या उरल्या होत्या, त्याही इकडेतिकडे ओढलेल्या. बाई म्हणत होत्या, "वाघरू आलं होतं." तिकडे बिबट्याला वाघरू म्हणतात.

मी कॉलेजात असताना शिकारकथा भरपूर वाचल्या होत्या. मांजराच्या कुळातला प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात नखं दिसत नाहीत आणि कुत्र्याच्या ठशात दिसतात, एवढं मला माहीत होतं. आणि तेवढंच माहीत होतं. गोठ्यापुढच्या फुफाट्यात मी वाकून पाहिलं. नखांचे ठसे स्पष्ट होते, एक नाही, दहा-बारा. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बिबट्या नाही, कुत्री आहेत. हे बघा नखं."

वनखात्याचा माणूस दुपारी चारला आला. तोवर तिथून माणसं फिरून गेली, एक मेंढ्यांचा कळप गेला, मातीत काही उरलं नाही. त्यानं विचारलं, सकाळी ठसे कुणी पाहिले? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बँकेचा साहेब, शिकलेला माणूस. मी जे पाहिलं ते सांगितलं आणि पंचनाम्यात आलं, मोकाट कुत्र्यांनी मारल्याचे दिसते. बिबट्यानं जनावर मारलं तर सरकारी भरपाई मिळते. कुत्र्यांनी मारलं तर नाही.

चार-पाच दिवसांनी त्याच रस्त्यानं जात होतो. शेतात मेंढ्या बसवायला आलेले एक म्हातारे धनगर बाबा बांधावर बसले होते. त्यांनी मला हात करून थांबवलं. "सायेब, जरा इकडं या." गोठ्यापासून चाळीसएक पावलांवर पाण्याचा पाट होता. त्या रात्री पाटाचं पाणी नुकतंच ओसरलं होतं आणि काठाचा चिखल मऊ होता. आता तो वाळून कडक झाला होता. त्यात काहीतरी जड ओढत नेल्याचा पट्टा उसाकडे गेलेला, आणि पट्ट्याच्या शेजारी ठसे. मी म्हटलं, "हे बघा ना बाबा, नखं आहेत." बाबांनी काठीचं टोक एका ठशावर टेकवलं. "वरचा कुत्र्याचा हाये. खालचा कुणाचा?"

मी खाली बसलो. कुत्र्याच्या ठशाखाली एक मोठा, गोल ठसा होता. त्याची पुढची दोन बोटं कुत्र्याच्या पायाखाली दबली होती, पण मागची गादी पूर्ण होती. रुंद, आणि मागच्या कडेला तीन फुगवटे. पुढे दोन पावलांवर तसाच आणखी एक, अगदी कोरा, नख नाही. बाबा म्हणाले, "आधी तो आला. कुत्री मागनं आली वास काढत, ऱ्हायलेलं खायाला. तुमी मागनं आलेल्यांना चोर केलं."

मी तसाच बाईंच्या घरी गेलो. माझ्याकडून चूक झाली म्हणालो, शेळीचे पैसे माझ्याकडून घ्या म्हणालो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्या म्हणाल्या, "पैशाचं राहू द्या साहेब. पण मी खोटं बोलले असं झालं ना."

मित्रहो, शाखेत माझ्या एका सहीवर लाखालाखाची कर्जं मंजूर होत. त्या सहीची भीती मला कधी वाटली नाही, त्या दिवशी वाटली. मी अर्ज लिहिला, माझे विधान अपुऱ्या पाहणीवर आधारलेले होते. स्वतः जाऊन तो वनखात्याच्या कार्यालयात दिला. तो कर्मचारी भला माणूस. परत आला, पाट पाहिला, आणि मारुतीच्या पारावर चार लोकांसमोर म्हणाला की बाईंचंच बरोबर होतं. मीही तिथे तेच म्हटलं. पण त्या शेळीची भरपाई मिळाली नाही. मुदत आणि पुरावा, दोन्ही निघून गेलं होतं. आणखी एक गोष्ट मला रात्री झोपू देत नसे. वस्तीवरची पोरं ते पाच दिवस "कुत्रंच होतं" म्हणून उसाच्या कडेनं बिनधास्त खेळत होती. कुणाला काही झालं नाही हे आमचं नशीब. त्यात माझी काही अक्कल नव्हती.

पुढचे दोन हिवाळे रविवारी सकाळी मी त्या बाबांबरोबर, ते त्या भागात असले की, हिंडलो. जे शिकलो ते तुम्हाला सांगतो. आपल्या मागच्या टेकडीवर ते सगळं उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, हिवाळाच का? पावसाळ्यात ठसा उमटतो आणि पुढच्या सरीत जातो. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी आणि वारा फार. दिवाळीनंतर ओढे आटायला लागतात, काठाला मऊ गाळ उरतो, पायवाटेवर मैद्यासारखी धूळ साठते, गवत वाळून झोपतं. रात्री दव पडतं, त्यानं धूळ जागेवर बसते. सकाळचं ऊन तिरपं येतं. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मधे राहील असं उभं राहायचं, म्हणजे प्रत्येक खोलगटाची सावली आपल्याकडे पडते. तोच ठसा बारा वाजता बघा, दिसणारसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट, नखांवर थांबू नका. कडक जमिनीवर कुत्र्याचीही नखं उमटत नाहीत, आणि निसरड्या चिखलात बिबट्याही पाय रोवायला नखं बाहेर काढतो. आकार बघायचा. कुत्र्याची मधली दोन बोटं पुढे, जवळजवळ एका ओळीत, आणि ठसा लांबट. बोटांच्या आणि गादीच्या मधल्या जागेत कागदावर मारतो तशी फुली मारता येते. मांजराच्या कुळात एक बोट बाकीच्यांच्या थोडं पुढे, आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखं. ठसा गोल, गादी मोठी, फुली नीट बसत नाही. रुंदीही एकटी धरू नका. बिबट्याचा ठसा साधारण ७-८ सेंटिमीटर रुंद, पण दांडगा पाळीव कुत्राही तिथवर पोचतो. तरसाच्या ठशात नखं असतात, आणि त्याचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात. मुंगसाची पाच बोटं मोजता येतात.

तिसरी गोष्ट, वेळ. दव पडण्याआधीच्या ठशावर बाकीच्या मातीसारखाच दवाचा थर असतो. दव पडल्यानंतर कोणी गेलं असेल तर तो थर मोडून खालची कोरडी धूळ दिसते. ठशावर कोळ्यानं जाळं विणलं असेल, मुंग्यांची वाट गेली असेल, तर ठसा शिळा. शिकायचा सोपा उपाय म्हणजे शेजारी आपला अंगठा दाबून ठेवायचा आणि संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं की त्याच्या कडा किती ढासळल्या. मुलांनो, हा प्रयोग बागेतसुद्धा करता येतो.

चौथी गोष्ट, ठसा एकटा नसतो. विष्ठा बघा. कोल्ह्याच्या विष्ठेत या दिवसांत बोरांच्या बिया सापडतात. तरसाची वाळलेली विष्ठा पांढरी पडते, कारण तो हाडं खातो. बिबट्याच्या विष्ठेत केस असतात. साळिंदराचा गळालेला काटा, रानडुकरानं नांगरल्यासारखी उकरलेली माती, झाडाच्या बुंध्यावरचे ओरखडे, सातभाईंचा एकाएकी सुरू झालेला कलकलाट, हे सगळं एकाच हिशेबात धरायचं. ससा तर गंमत करतो. उडी मारताना त्याचे मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. मोठे ठसे मागचे समजलात, तर ससा जिकडून आला तिकडेच गेला म्हणाल.

पाचवी आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठी गोष्ट, पहिल्या ठशापाशी थांबायचं नाही. निदान पन्नास पावलं मागे आणि पन्नास पावलं पुढे चालायचं. जुन्या काळी गावचा जागल्या चोराचा माग आपल्या शिवेपर्यंत काढायचा आणि माग पुढच्या गावात गेला की त्या गावाच्या जागल्याच्या हवाली करायचा. मधेच थांबला तर जबाबदारी त्याच्यावर. मी चाळीस पावलं चाललो असतो, तर पाट मला दिसला असता.

बँकेतल्या भाषेत सांगायचं तर ठसा हे व्हाउचर आहे. एका व्हाउचरवर बॅलन्स टॅली होत नाही. ही चूक माझ्यासारख्या हौशी माणसाकडूनच होते असं नाही. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६०च्या दशकात पंज्यांच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली. ठशावर काच धरून त्याची बाह्यरेषा काढायची आणि ठशांवरून वाघ वेगवेगळे ओळखायचे. १९७२ साली देशभर अशी मोजणी झाली आणि आकडा आला १८२७. त्यातून देश जागा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. त्या पद्धतीचे उपकार आहेतच. पण तोच पंजा वाळूत वेगळा उमटतो आणि चिखलात वेगळा, आणि कागदावरचा आकडा जंगलात जाऊन ताडून पाहिला गेला नाही. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते. २००४-०५ मध्ये उघड झालं की जंगलात एकही उरलेला नाही. लेजरला शिल्लक आणि तिजोरी रिकामी! २००६ पासूनच्या गणनेत कॅमेरे आले, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखू लागले. तरीसुद्धा आधी कर्मचारी जंगल पायी तुडवून खुणांची नोंद करतातच. कॅमेरा कुठे लावायचा हे शेवटी पाऊलखुणाच सांगतात.

आता "पकडून लांब सोडा" या सूचनेबद्दल. जुन्नर भागात त्या वर्षांत हे झालेलं आहे. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला. बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, असं त्यांना दिसलं. पुढे त्यांनी अकोले तालुक्यात उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. याचा अर्थ आपल्यापुरता सोपा आहे. उघडा कचरा असेल तिथे कुत्री, आणि कुत्री असतील तिथे बिबट्याला यायला कारण. मागच्या गेटजवळचा आपला ओल्या कचऱ्याचा ड्रम झाकण मोडून दीड वर्ष झालं. समितीनं याची नोंद घ्यावी ही विनंती.

तर आता तो बी विंगच्या मागचा ठसा. मी साडेआठला तिथे गेलो. नखं दिसत नव्हती, म्हणूनच फोटो बघून सगळे घाबरले. पण प्लॅस्टरच्या कामातलं सिमेंट सांडून ती जागा कडक झालेली होती. ठसा लांबट होता, मधली दोन बोटं एका ओळीत होती, फुली बरोबर बसत होती. मग मी पन्नास पावलं चाललो. भिंत संपते तिथे माती मऊ आहे. तिथे तोच पंजा नखांसकट मिळाला आणि त्याच्या शेजारून, शेवटपर्यंत, बुटांचे ठसे. नऊ नंबरचे, टाच डावीकडे झिजलेली. ते बूट कुणाचे हे मी सांगणार नाही. ते पहिल्या रांगेत बसले आहेत आणि हसत आहेत. त्यांचा लॅब्रॅडोर फार गुणी आहे.

ग्रुपवर मी इतकंच लिहिलं, "भिंतीजवळचा ठसा पाळीव कुत्र्याचा आहे." कुणीतरी लगेच लिहिलं, "म्हणजे बिबट्या नाही, काकांनी सांगितलं!" त्यावर मी पुन्हा लिहिलं, ते इथेही सांगतो. मी तसं म्हटलेलं नाही. मी एका ठशाबद्दल बोललो. टेकडीवर बिबट्या येतच नाही, असं त्या ठशावर कुठेही लिहिलेलं नाही. अंधार पडल्यावर भिंतीपलीकडे मुलांना एकटं पाठवू नका, हे माझं म्हणणं त्या दिवशीही होतं आणि आजही आहे. एकदा एका ठशावरून मी जास्तीचं बोललो होतो. पुन्हा बोलणार नाही.

वॉचमनची मुलगी आठ दिवसांनी परत आली. ती आत्ता इथे सतरंजीवर बसली आहे. मागच्या रविवारी ती माझ्याबरोबर टेकडीवर होती. ओढ्याच्या गाळात तिनं मोराचा पाय आणि मुंगसाचा पाय मला आधी दाखवला. माझे गुडघे खाली बसेपर्यंत तिचं मोजून झालेलं असतं. तिनं परवा मला विचारलं, "आजोबा, ह्याच्या खाली अजून कुणाचा आहे का?" वाळू थोडी फुंकून पाहिलं. नव्हता. पण तिनं विचारलं याचा मला फार आनंद झाला.

जानेवारी अखेरपर्यंत दर रविवारी सकाळी पावणेसातला मागच्या गेटशी मी असेन. नातवंडांना घेऊन या. एक पट्टी, एक वही आणि पाण्याची बाटली आणा. मोबाईल आणला तरी चालेल, मात्र फोटो काढताना ठशाशेजारी पट्टी ठेवा, आणि ग्रुपवर टाकण्याआधी पन्नास पावलं चाला.

आणि खरोखरच संशय येईल असा ठसा दिसला तर? त्यावर घमेलं पालथं घाला, म्हणजे वारा आणि माणसं तो पुसणार नाहीत. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मग मलाही बोलवा. त्या वस्तीवर पुढच्या वेळी शेजारच्या घरची शेळी गेली, तेव्हा त्या बाईंनीच स्वतःच्या घरातली दोन घमेली नेऊन ठशांवर पालथी घातली होती. त्या घराला भरपाई मिळाली. आमच्याकडे पंपाच्या खोलीत एक जुनं घमेलं आहे, ते मी मागच्या गेटशी आणून ठेवलं आहे. कृपया कुणी ते कुंडीसाठी नेऊ नये.